पावतीपुस्तक छापण्याआधी

संघ आहे, मुलं आहेत, मैदान आहे. नोंदलेली संस्था मात्र नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वाचकांचे या एकाच अडचणीभोवती फिरणारे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या वस्तीतल्या १५ मुलींचा खो-खोचा संघ आहे. तो शाळेचा नाही, संस्थेचाही नाही; दोन माजी खेळाडू संध्याकाळी फुकट शिकवतात. डिसेंबरात नाशिकला स्पर्धा आहे. सोबतच्या ३ बायका धरून १८ जणींचा खर्च सुमारे ८४,००० रुपये निघतो : किट १२,७५०, बूट १३,५००, मिनीबस २६,०००, राहणं १०,८००, जेवण १८,००० आणि किरकोळ ३,०००. बाजारपेठेतले दुकानदार पैसे द्यायला तयार आहेत, पण पावती मागतात. पावतीपुस्तक छापलं तर चालेल का? (एक पालक, कराड)

उत्तर : चालेल, पण त्यावर काय छापायचं ते आधी ठरवा. नोंदणी नसणं हा काही गुन्हा नाही. गोंधळ होतो तो चार वेगळ्या जातींचा पैसा एकाच पुस्तकावर ‘देणगी’ म्हणून घेतल्यामुळे. पालक आपल्याच मुलींसाठी काढतात ती वर्गणी. दुकानदार फलकावर नाव लावून घेण्यासाठी देतो ती जाहिरात. तुम्ही काही विकून मिळवता ती विक्री. आणि बदल्यात काहीही न घेता लोक देतात ती देणगी. धर्मादाय कार्यालयाचा संबंध येतो तो या शेवटच्या प्रकारात, आणि लोक नेमका तोच शब्द सगळ्यांवर छापतात.

दुकानदारापासून सुरू करा, कारण मोठी रक्कम तिथूनच येणार. त्याला देणगीची पावती दिलीत तर तिचा त्याला काडीचा उपयोग नाही. ज्याला सगळे ‘८०-जी’ म्हणतात ती करसवलत मान्यता असलेल्या संस्थेच्या पावतीवरच मिळते. शिवाय ज्याने नवी कररचना निवडली आहे त्याला ती नोंदलेल्या संस्थेच्या पावतीवरही मिळत नाही. पण त्याच दुकानदाराने मुलींच्या जर्सीवर दुकानाचं नाव लावण्यासाठी ५,००० रुपये दिले, तर तो त्याच्या धंद्याचा जाहिरात खर्च होतो आणि कोणत्याही कररचनेत तो वहीत लिहिता येतो. म्हणून त्याच्याकडे देणगी मागू नका, जाहिरातीची जागा विका.

त्यासाठी पावती नव्हे, साधं बिल द्या. वर संघाचं नाव आणि पत्ता, बिल क्रमांक, तारीख, दुकानाचं नाव. तपशिलात नेमकं लिहा : ‘१५ जर्सींच्या पाठीवर नाव, आकार २० बाय ८ सेंमी, एक हंगाम’. रक्कम, पैसे कसे मिळाले ते, आणि दोघांच्या सह्या. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर सेवेसाठी जीएसटी नोंदणी लागत नाही, त्यामुळे बिलावर जीएसटी लावायचाही नाही. जर्सी घातलेल्या संघाचा एक फोटो आणि बिलाची प्रत दुकानदाराला नेऊन द्या. उद्या त्याच्या सीएने ‘जाहिरात कुठे झाली?’ विचारलं तर त्याच्याकडे दाखवायला काहीतरी हवं. कंपनी किंवा भागीदारी पेढीने एका बिलापोटी ३०,००० रुपयांपेक्षा जास्त दिले तर ती त्यातून टीडीएस, म्हणजे आधीच कापून सरकारकडे भरायचा कर, कापणार, आणि तुमचा पॅन नसेल तर तो थेट २० टक्के जातो. एकाच मोठ्या प्रायोजकामागे धावण्यापेक्षा पाच-पाच हजारांचे सहा बरे, ते यासाठीही.

ज्यांच्याकडून जाहिरात घ्यायची नाही त्यांची यादी आधीच करा. तंबाखू कंपन्यांचं प्रायोजकत्व २००३ च्या कायद्याने बंद आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमच्या जाहिरातींना २०२५ च्या कायद्याने मनाई आहे. पान मसाल्याच्या नावाने पुढे येणाऱ्यालाही हात जोडा. स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेला जर्सीवरची नावं चालतात का, हे छपाईला टाकण्याआधी विचारा. पंधरा जर्सी छापून झाल्यावर नावावर पट्टी चिकटवायची वेळ आली की प्रायोजकही जातो आणि जर्सीही.

आता खरी देणगी. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात लोकहितासाठीच्या खेळ-करमणुकीच्या सोयी धर्मादाय कामातच मोडतात. त्यामुळे पावतीपुस्तक घेऊन दारोदार जाणार असाल तर कलम ४१-क लागू होतं : आधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं दरवर्षी परवानगी काढतात ती हीच. अर्ज धर्मादाय आयुक्तालयाच्या संकेतस्थळावरून करता येतो. साताऱ्यातल्या जिल्हा कार्यालयात चौकशीही होते. सभासदांची नावं आणि ओळखपत्रं, कशासाठी आणि किती रक्कम गोळा करणार ते, आणि मागे काही गोळा केलं असेल तर त्याचा हिशेब तयार ठेवा. परवानगी तात्पुरती असते आणि लिहिलेल्या कामापुरतीच. काम झालं की हिशेब द्यावा लागतो. डिसेंबरच्या स्पर्धेसाठी अर्ज गणपतीच्या तोंडावर करू नका, त्या दिवसांत त्या खिडकीवर मंडळांचीच रांग असते.

पावतीवर ‘रजि.’ किंवा ‘ट्रस्ट’ असं काही छापू नका. नंबर आधीच छापून घ्या, स्थळप्रत कार्बनची ठेवा, रद्द झालेली पावती फाडून टाकण्याऐवजी तिच्यावर रेघ मारून पुस्तकातच राहू द्या. एका वेळी एकच पुस्तक बाहेर काढा आणि ते कोणाकडे आहे ते वहीत लिहा. चार पुस्तकं चार जणांकडे गेली की एक हमखास परत येत नाही, आणि मग हिशेबात न सापडणाऱ्या पंचवीस पावत्यांवरून गावभर बोलणं होतं. मुलींना एकटं दारोदार पाठवू नका. सोबत मोठं माणूस हवंच.

वर्गणी काढून खेळाडू पाठवणं तुमच्या भागाला नवं नाही. १९५२ साली तुमच्या शेजारच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले ते लोकांनी दिलेल्या वर्गणीवर, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून दिलेल्या ७,००० रुपयांवर. वरचा कायदा तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा होता.

एक शेवटचं. तुमच्या यादीत सगळ्यात मोठा आकडा मिनीबसचा आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. तुमच्या अठराच्या अठराही जणींना ते लागतं. साध्या गाडीचं जाता-येता तिकीट काढून बघा आणि मग मिनीबसचं ठरवा. वाचलेले पैसे कोणाकडे मागावे लागत नाहीत आणि त्यांची पावतीही फाडावी लागत नाही.

प्रश्न : मी कबड्डीचा प्रशिक्षक आहे. सगळे पैसे माझ्या मोबाइल नंबरवर गुगल पेने येतात आणि खर्चही तिथूनच होतो. वर्षात दीड लाख आले. आता दोन पालक हिशेब मागतात, आणि एक जण म्हणतो की तुम्हाला इन्कम टॅक्सची नोटीस येईल. (तासगाव)

उत्तर : पालकांचं मागणं रास्त आहे आणि त्या तिसऱ्याची भीतीही अगदीच पोकळ नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम विनामोबदला एखाद्याच्या नावावर आली, तर सगळीच्या सगळी त्याचं उत्पन्न धरली जाते. पहिले पन्नास हजारही सुटत नाहीत. तो पैसा तुमचा नव्हता, संघाचा होता, हे सांगता येतं. पण ते कागदावर दाखवायची जबाबदारी तुमची, आणि पगार, घरचा किराणा, कबड्डीचे बूट हे सगळं एकाच पासबुकात असेल तर ते दाखवणं अवघड जातं.

झालेल्या वर्षासाठी आजच बसा. बँकेचं स्टेटमेंट काढा आणि संघाच्या प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलने नाव आणि कारण लिहा. खर्चाच्या पावत्या तारखेप्रमाणे लावा. ज्या खर्चाची पावती नाही, उदाहरणार्थ रिक्षा किंवा मैदानावरच्या पाण्याचे जार, त्याचं व्हाउचर करून घेणाऱ्याची आणि एका पालकाची सही घ्या. उरलेली रक्कम काढून ती आजच्या आज वेगळी करा.

पुढच्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे नोंदणी नसलेल्या गटाच्या नावाने खातं. बँकेच्या केवायसी नियमांत अशा गटाची सोय आहे : गटाच्या बैठकीचा ठराव, गटाचा पॅन किंवा (पॅन नसेल तर त्याऐवजी द्यायचा) फॉर्म ६०, व्यवहार करणाऱ्यांना दिलेलं अधिकारपत्र आणि त्यांची ओळखपत्रं. पॅन ‘असोसिएशन ऑफ पर्सन्स’ या प्रकारात निघतो. बँक बहुधा बचत नव्हे तर चालू खातं देते आणि त्याची किमान शिल्लक जड जाते. ती आधी विचारा. काही शाखांत ‘रजिस्ट्रेशन आणा’ म्हणून परत पाठवतात. तेव्हा वाद न घालता दुसऱ्या शाखेत जा.

दुसरी वाट सोपी : दोन पालकांच्या नावाने नवं बचत खातं, त्यात दुसरा कोणताही व्यवहार नाही, आणि पैसे दोघांच्या सहीनेच निघतील असा प्रकार. फॉर्मवर ‘दोघांपैकी कोणीही’ या चौकटीत खूण गेली की दोन सह्यांचा सगळा अर्थ संपतो, तेवढं बघा. याची अडचण अशी की दोन सह्यांच्या खात्याला बँका सहसा यूपीआय देत नाहीत. त्यावर चालणारा उपाय म्हणजे खजिनदाराच्या दुसऱ्या, रिकाम्या खात्याचा क्यूआर लोकांना द्यायचा आणि दर शनिवारी त्यात जमलेली रक्कम, एक रुपया कमी-जास्त न करता, संयुक्त खात्यात टाकायची. खजिनदार प्रशिक्षक नको, प्रशिक्षकाची बायकोही नको. हातखर्चाला ३,००० रुपये रोख पुरतात. ते संपले की व्हाउचर दाखवून पुन्हा घ्यायचे.

हिशेब मागायची वेळ येऊ देऊ नका. महिन्याच्या पहिल्या रविवारी पालकांच्या ग्रुपवर एक फोटो टाका : मागची शिल्लक, जमा, खर्च, आताची शिल्लक, शेजारी पासबुकाचं पान. एवढं पुरतं.

प्रश्न : दिवाळीत ५० रुपयांची २,००० कूपनं खपवून सोडत काढायची आहे. पहिलं बक्षीस गिअरची सायकल. काही परवानगी लागते का? (फलटण)

उत्तर : परवानगीचा प्रश्न येत नाही, कारण ती तुम्हाला मिळणारच नाही. तिकीट विकून नशिबावर बक्षीस देणं म्हणजे लॉटरी, आणि राज्य सरकारने चालवलेली किंवा मान्य केलेली नसलेली लॉटरी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तिची जाहिरात करणाऱ्याला वेगळा दंड. ‘सगळेच काढतात’ हे खरं असलं तरी तक्रार झाली की कूपनावर ज्याचा मोबाइल नंबर छापलाय त्याला बोलावतात. महिन्याच्या भिशीत सोडत लावून संघासाठी पैसे काढायची कल्पनाही याच कारणाने सोडा. तिच्यासाठी १९७८ चा वेगळा मनाई कायदा आहे.

कूपनाच्या ऐवजी रद्दी गोळा करा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण लहान संघासाठी याहून स्वच्छ कमाई नाही : देणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही, पावतीची भानगड नाही आणि मुलांचे हात लागतात. रोज एक पेपर घेणाऱ्या घरात महिन्याला साधारण ३ किलो रद्दी साठते. १५० घरं धरली आणि दोन महिन्यांनी एकदा गेलात तर ९०० किलो. १४ रुपये भाव मिळाला तर १२,६०० रुपये, वर्षात चार फेऱ्या सहज.

यात काय बिघडतं तेही बघा. भाव आधी दोन-तीन रद्दीवाल्यांकडे विचारा आणि ‘पेपर’, ‘वह्या-पुस्तकं’, ‘पुठ्ठा’ असे तीन वेगळे भाव लिहून घ्या. सगळं एकत्र नेलंत तर सगळ्याला पुठ्ठ्याचा भाव मिळतो. म्हणून छाटणी मैदानावर करायची, दुकानात नव्हे. सुतळीने साधारण १० किलोचे गठ्ठे बांधा. त्याहून जड गठ्ठा लहान मुलं उचलत नाहीत, ओढतात, आणि सुतळी तुटते. प्रत्येक गठ्ठा साध्या लटकत्या काट्यावर तोलून वर खडूने आकडा घाला आणि बेरीज घेऊनच दुकानात जा. तुमचा आकडा समोर असला की दुकानातला काटाही जरा सरळ चालतो. जून ते सप्टेंबर हा उद्योग नको : ओली रद्दी जड भरते, पण रद्दीवाला ‘ओल’ म्हणून त्याच्या दुप्पट वजन कापतो. घरांना आठ दिवस आधी चिठ्ठी द्या, नाहीतर तुम्ही पोहोचायच्या आदल्या दिवशी नेहमीचा फेरीवाला उचलून नेतो. गठ्ठ्यात बँकेची पत्रं किंवा आधारची झेरॉक्स सापडली तर ती घरी परत द्यायची, हे मुलांना सांगून ठेवा.

दिवाळीत विकायचंच असेल तर परवाना असलेल्या उत्पादकाची, त्याच्याच लेबलची बंद पाकिटं घ्या. भडंग किंवा फराळाचं काहीही. स्वतः बनवून विकायचं म्हटलं की अन्नसुरक्षेची नोंदणी आणि लेबलचे नियम तुमच्या गळ्यात. ४८ ला घेऊन ६० ला विकलं तर ५०० पाकिटांत ६,००० राहतात, पण आधी मागणी लिहून घ्या आणि पैसेही आधीच घ्या. अंदाजाने आणलेली शंभर पाकिटं मागे राहिली तर ४,८०० रुपये अडकले, म्हणजे सगळा नफाच गेला.

प्रश्न : आमच्या भागात साखर कारखाना आहे. ‘सीएसआर’मधून आमच्या संघाला पैसे मिळतील का? नोंदणी नसली तर दुसऱ्या संस्थेच्या नावावर घेता येतील का? (वाळवा तालुका)

उत्तर : कारखाना सहकारी आहे की खासगी कंपनी, ते आधी बघा. सीएसआर, म्हणजे कंपनीने नफ्यातून सामाजिक कामावर करायचा खर्च, हे कंपनी कायद्याच्या कलम १३५ मधलं बंधन. ते ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना लागतं. निव्वळ नफ्याचा निकष ५ कोटींचा आहे. सहकारी कारखाना ही कंपनीच नाही, त्यामुळे तिथे सीएसआरचा अर्ज देणं म्हणजे टपाल खात्याकडे रेल्वेचं तिकीट मागणं. खासगी कारखाना असेल तर ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण त्या कायद्याच्या यादीत बसतं. मात्र कंपनी ज्या बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करते ती नोंदलेली, करसवलतीची मान्यता असलेली आणि साधारणपणे तीन वर्षं काम केलेली लागते. तुमचा संघ त्यात बसत नाही.

सहकारी कारखाना, पतसंस्था, दूधसंघ यांना नफ्यातला काही भाग सार्वजनिक कामासाठी बाजूला काढता येतो. त्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होतात आणि नफ्याची वाटणी तिथे मंजूर होते. म्हणजे अर्ज जायला हवा मे-जूनमध्ये, संचालक मंडळ विषयपत्रिका ठरवतं त्याच्या आधी. दिवाळीत हार घेऊन गेलात तर चहा मिळेल. तिथेही धनादेश सहसा नोंदलेल्या संस्थेच्याच नावाने निघतो.

म्हणून गावातली जुनी तालीम, व्यायाम मंडळ किंवा क्रीडा मंडळ शोधा. ते नोंदलेलं असेल आणि त्याच्या घटनेत क्रीडाप्रसार हा उद्देश असेल तर तुमचा संघ त्यांचा उपक्रम म्हणून चालवता येतो. त्यांच्या विश्वस्तांनी ठराव करायचा : हा संघ आमचा उपक्रम, त्यासाठी वेगळं खातेशीर्ष, खर्चाला अमुक दोघांची शिफारस लागेल. पावती त्यांच्या नावाची, पैसा त्यांच्या खात्यात, आणि जर्सीवाल्याला, बसवाल्याला पैसे थेट त्यांच्याच धनादेशाने. हिशेब त्यांच्या ऑडिटमध्ये जातो.

लोक दोन ठिकाणी चुकतात. संस्था पावती फाडते आणि सगळी रक्कम रोख काढून प्रशिक्षकाच्या हातात देते. मग संस्थेच्या ऑडिटरकडे खर्चाचा एकही कागद राहत नाही आणि पुढच्या वर्षी ते दार तुम्हाला बंद. दुसरं याहून वाईट : देणगीदार धनादेश देतो, ८०-जीची पावती घेतो आणि ‘निम्मे रोख परत द्या’ म्हणतो. त्याला सरळ नाही म्हणा, रक्कम कितीही मोठी असो. तो करचुकवेगिरीचा गुन्हा आहे आणि त्यात मान्यता जाते ती त्या बिचाऱ्या तालमीची.

छत्राखाली जाण्याची किंमतही आहे. पैशावर हक्क त्यांचा राहतो. विश्वस्त बदलले आणि नव्यांना क्रिकेट आवडत असलं तर तुमच्या कबड्डीचं खातेशीर्ष नुसतं नावाला उरतं. म्हणून ठरावाची सही-शिक्क्याची प्रत तुमच्याकडे हवी आणि शिल्लक मोठी ठेवायची नाही. आमदार निधीचं बरेच जण विचारतात, म्हणून एका वाक्यात : तो सार्वजनिक मालमत्तेच्या कामांसाठी असतो, त्यातून मैदानाचं काम होऊ शकतं, संघाच्या प्रवासाला रोख रक्कम मिळत नाही.

प्रश्न : माझा चुलतभाऊ आणि त्याचे मित्र अमेरिकेतून पैसे पाठवायला तयार आहेत. घेऊ का? (मिरज)

उत्तर : प्रत्येकाचा पासपोर्ट कुठला, ते विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. ज्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं त्याची धरली जाते, मग तो जन्माने मिरजेचा असो आणि त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असो. ती घ्यायला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि ती तुमच्यासारख्या गटाला मिळणं कठीण. भारतीय पासपोर्टवाल्यांकडून घ्या, पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत फायलीला लावा. बाकीच्यांना गावी आल्यावर मुलांसोबत एक तास मैदानावर घालवायला सांगा.

प्रश्न : मुलांची किशोर गटाची कबड्डी स्पर्धा भरवून प्रवेश फीतून संघासाठी पैसे उभे करायचे आहेत. १६ संघ, ८०० रुपये फी. किती उरतील? (वाई)

उत्तर : नुसत्या फीतून काहीच उरणार नाही, उलट खिशातून जातील. पण आधी स्पर्धेचा आराखडा बदला. १६ संघांच्या बाद पद्धतीत १५ सामने होतात आणि ८ संघ एक सामना खेळून परत जातात. लांबून टमटम करून आलेला संघ पस्तीस मिनिटांत घरी गेला की पुढच्या वर्षी येत नाही. त्याऐवजी १२ संघ घ्या, तिघांचे चार गट करा : गटातले १२ सामने, दोन उपांत्य, एक अंतिम. सामने तेवढेच, १५, पण प्रत्येक संघाला किमान दोन मिळतात. मग फी १,००० मागितली तरी कोणी कुरकुर करत नाही.

वेळ अशी : किशोर गटाचा सामना १५-५-१५ मिनिटांचा (मधली ५ विश्रांतीची), वर १० मिनिटं ये-जा आणि नाणेफेक, म्हणजे ४५ मिनिटं. एका मैदानावर १५ सामन्यांना सव्वाअकरा तास लागतात. कोणी कितीही म्हटलं तरी ते एका दिवसात बसत नाही. दोन मैदानं आखली तर आठ फेऱ्यांत, सहा तासांत काम होतं. नऊला सुरू करून जेवणासकट चारपर्यंत आटोपतं, दिव्यांचा खर्च वाचतो आणि स्पीकरसाठी रात्री १० च्या मर्यादेचा प्रश्न येत नाही. स्पीकरची पोलीस परवानगी मात्र दिवसाही लागते. मैदान ११ बाय ८ मीटरचं. रेषांना रांगोळीची फक्की वापरा. कळीच्या चुन्याची पूड डोळ्यात गेली तर डोळा भाजतो, आणि कबड्डीत तोंड मातीत जातंच.

हिशेब धरून बघू. जमा : १२ संघांचे १२,०००. खर्च : दोन मैदानांवर मिळून किमान ८ पंच आणि गुणलेखक, प्रत्येकी ५०० मानधनाने ४,०००, त्यांचं जेवण ९६०, मांडव-खुर्च्या २,५००, फक्की आणि पाणी १,५००, चषक-पदकं ५,०००, प्रथमोपचार ८००. एकूण १४,७६०. म्हणजे २,७६० चा खड्डा. तो भरून निघतो तो मैदानाभोवतीच्या फलकांवर : ८ फलक प्रत्येकी २,००० ने १६,०००, छपाई फलकामागे ३५० धरून २,८०० वजा, राहिले १३,२००. हातात उरले १०,४४०. चषक एखाद्याने पुरस्कृत केले तर आणखी ५,०००. फलक मैदानाच्या आतच लावा. रस्त्यावर लावायचे तर नगरपरिषदेची परवानगी आणि शुल्क. पंच जिल्हा संघटनेमार्फत मागवा. गावातला माजी खेळाडू कितीही जाणकार असला तरी उपांत्य फेरीत त्याच्या निर्णयावर भांडण झालं की स्पर्धा तिथेच थांबते, आणि फी परत मागणारे संघ फक्त हरलेलेच नसतात.

प्रश्न : मग नोंदणीच करून टाकावी का? (विटा)

उत्तर : एका स्पर्धेसाठी नको. दरवर्षी लाखभर रुपये लोकांकडून घेणार असाल, मैदानासाठी शासनाचं अनुदान मागणार असाल तर करा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. घटना-नियमावली करून अर्ज जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयातच जातो, आणि महाराष्ट्रात १९५० च्या कायद्याखालची नोंदणीही सोबत होते. त्यानंतर दरवर्षी हिशेब तपासून घेणं आलं, आणि कार्यकारिणीत बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज. पुष्कळ मंडळं इथेच अडकतात : दहा वर्षांपूर्वीचे अध्यक्ष वारले, बदल अर्ज कोणी दिलाच नाही, आणि बँक नव्या सह्या घेत नाही. वर्षाला तेवढे कागद करणारा एक माणूस तुमच्यात नसेल तर तालमीचं छत्र बरं.

प्रश्न : स्पर्धा झाली, ६,४०० रुपये उरले. मुलांना हॉटेलात जेवण द्यावं असं ठरतंय. (सातारा)

उत्तर : पैसे पालकांच्या वर्गणीचे असतील तर त्यांना विचारून द्या. जाहिरातीतून किंवा विक्रीतून उरले असतील तर संघ ठरवेल ते. पण ४१-क च्या परवानगीने गोळा केलेली देणगी असेल तर ती अर्जात लिहिलेल्या कामालाच लागते. जेवणाचं बिल त्या हिशेबात शोभत नाही. तिच्यातून गुडघ्याचे पट्टे, प्रथमोपचाराची पेटी, दोन चांगल्या शिट्ट्या आणि एक स्टॉपवॉच घ्या, सामानाच्या वहीत नोंद करा आणि वस्तू कोणाच्या घरी ठेवली ते नावासकट लिहा.